भावाने मंडळी सोडली. त्याचा विश्वासही गेला का?

प्रश्न : सप्रेम सलाम. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीत आहे. माझ्या धाकट्या भावाने गेल्या वर्षी सभासदांच्या यादीतून आपले नाव काढून घेतले. त्याचे कोणाशी भांडण झालेले नाही, पाळकसाहेबांविषयी त्याची तक्रार नाही, प्रार्थनाही तो नेमाने करतो. विचारले की एवढेच म्हणतो, ‘मला १८४४ पटत नाही.’ वडिलांच्या मते त्याला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, पाळण्याचा कंटाळा आला आहे. केवळ सिद्धांतासाठी कोणी मंडळी सोडते का? आणि त्याचा विश्वास गेला, असे आम्ही समजायचे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या भावाचे उत्तर त्रोटक असले तरी नेमके आहे, आणि ते त्याने अभ्यासाअंती दिले असावे असे मला वाटते. बहुतेक माणसे कोणतीही मंडळी सोडतात ती सिद्धांतासाठी नव्हे. घरातले तंटे, एकटेपणा, इतरांचे दुटप्पी वागणे अशी कारणे असतात, आणि ॲडव्हेंटिस्ट मंडळीने केलेल्या पाहण्यांतही तीच ठळकपणे दिसतात. परंतु थोड्या लोकांचा एक निराळा गट असतो, जो शिकवण मनापासून मानतो, म्हणून ती तपासून पाहतो आणि तपासताना अडखळतो. तुमचा भाऊ या गटातला दिसतो.

‘१८४४’ म्हणजे काय, हे इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दानीएल ८:१४ मध्ये २,३०० संध्याकाळ-सकाळींनंतर पवित्रस्थानाची शुद्धी होईल, असे वचन आहे. अमेरिकेतील बाप्टिस्ट उपदेशक विल्यम मिलर यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरून ही मोजणी इ. स. पूर्व ४५७ पासून केली. प्रार्थनामंदिरांत आणि शास्त्राभ्यासाच्या वर्गांत हा हिशेब आजही लांबलचक रेषेच्या तक्त्यावर दाखवतात : २,३०० मधून ४५७ वजा केले की १,८४३ उरतात, आणि इसवी सनात शून्य वर्ष नसल्यामुळे त्यात एक मिळवावा लागतो. त्या दिवशी प्रभू येशू परत येईल म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ रोजी हजारो लोक वाट पाहत बसले. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मक्याच्या शेतातून जाताना मिलर यांचे एक अनुयायी हायरम एडसन यांना उमगले की तारीख बरोबर होती, घटना मात्र चुकीची धरली होती. ख्रिस्ताने त्या दिवशी पृथ्वीवर येण्याऐवजी स्वर्गीय परमपवित्रस्थानात, म्हणजे स्वर्गातील मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनात, सेवेचा शेवटचा टप्पा सुरू केला. या विचारातून पुढे अशी शिकवण उभी राहिली की, १८४४ पासून स्वर्गात देवाच्या लोकांच्या नोंदी तपासल्या जात आहेत, आणि ही तपासणी संपली की कृपेचा काळही, म्हणजे पश्चात्ताप करून तारण मिळवण्याची संधीही, संपेल. मंडळीची रीतसर स्थापना १८६३ मध्ये झाली. तिच्या आजच्या २८ मूलभूत विश्वासवचनांपैकी २४ वे याच विषयावर आहे. इतर कोणत्याही मोठ्या ख्रिस्ती पंथात ही शिकवण नाही.

सोडून जाणाऱ्यांची पहिली अडचण वचनाच्या वाचनातच उभी राहते. दानीएलाच्या आठव्या अध्यायात विषय चाललेला असतो तो एका लहान शिंगाचा, म्हणजे पवित्रस्थान तुडवणाऱ्या शत्रूसत्तेचा. तिथे विश्वासणाऱ्यांच्या पापांची नोंदवही कुठून आली, असा प्रश्न वाचकाला पडतो. ज्या शब्दाचे भाषांतर ‘शुद्धी’ असे होते, तो मूळ इब्री शब्द न्याय्य ठरवणे, योग्य स्थितीत आणणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. ही शिकवण मंदिरशुद्धीच्या ज्या वार्षिक प्रायश्चित्ताच्या दिवसाशी जोडली जाते, त्याविषयी सांगणाऱ्या लेवीय १६ मध्ये शुद्धीसाठी जो शब्द येतो, तो हा नव्हे. आणि इब्री लोकांस लिहिलेले पत्र उघडले, तर ख्रिस्त पडद्याच्या आत, म्हणजे त्याच आतल्या दालनात, गेला आहे, एकदाच गेला आहे, असे तिथे पहिल्या शतकातच सांगितलेले आढळते. मग १८४४ मध्ये तो कोणत्या दालनातून कोणत्या दालनात गेला? मंडळीतील विद्वान यांची उत्तरे देतात, आणि ती टाकाऊ नाहीत. दानीएलाच्या सातव्या अध्यायात न्यायसभा बसते, पुस्तके उघडली जातात आणि निकाल पवित्र जनांच्या बाजूने लागतो, हे ते दाखवतात. ज्याचे समाधान होते तो राहतो. ज्याचे होत नाही, त्याला तक्ता पाठ असूनही वचन तसे वाचवत नाही.

दुसरी अडचण मला जास्त वेदनादायक वाटते, आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. माझ्या परिचयातील एक वृद्ध बाई रात्री दिवा मालवण्यापूर्वी दिवसभरातले प्रत्येक पाप आठवून त्याची कबुली देत. एखादे विसरले आणि आज रात्रीच माझे नाव तपासणीला आले तर, ही भीती त्यांना सत्तरीतही सुटली नव्हती. मंडळीच्या संस्थापकांपैकी एक आणि तिच्यात संदेष्ट्या मानल्या गेलेल्या एलन व्हाईट यांच्या लेखनात असा काळ सांगितला आहे, जेव्हा विश्वासणाऱ्यांना मध्यस्थाशिवाय पवित्र देवासमोर उभे राहावे लागेल. लहानपणी हे ऐकलेली माणसे मोठेपणी योहान ५:२४ वाचतात, जिथे विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे असे प्रभूच सांगतो, आणि ती तिथेच थबकतात. अनेकांनी मंडळी सोडली ती हे वचन धरून. त्यांच्या मते त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही. त्याचे काम वधस्तंभावर पूर्ण झाले, एवढे ते मान्य करत होते.

‘मग १८४४ बाजूला ठेवून मंडळीत राहता येत नाही का?’ असे तुम्ही विचाराल. फार कठीण आहे, कारण ती शिकवण एकटी उभी नाही. एलन व्हाईट (१८२७–१९१५) यांना पहिला दृष्टान्त डिसेंबर १८४४ मध्ये झाला, आणि पवित्रस्थानाच्या शिकवणीला त्यांच्या दृष्टान्तांनी दुजोरा दिला. पवित्र शास्त्र हाच आपला एकमेव मतांगीकार, म्हणजे विश्वासाचा एकमेव आधार, असे मंडळी म्हणते. तरीही १८ व्या विश्वासवचनानुसार त्यांच्या लेखनाला संदेष्ट्याचा अधिकार आहे. त्यामुळे एका गोष्टीला धक्का लागला की दुसरीही हलते. १९८२ मध्ये वॉल्टर रे या पाळकांनी, एलन व्हाईट यांनी इतर लेखकांच्या पुस्तकांतून पुष्कळ मजकूर घेतला, असे पुस्तक लिहून दाखवले. त्यानंतर मंडळीने स्वतः करवून घेतलेल्या अभ्यासातही त्यांच्या ख्रिस्तचरित्रात अशी उसनवारी असल्याचे मान्य झाले. माझ्या दृष्टीने उसनवारीपेक्षा ती इतकी वर्षे न सांगणे अधिक घातक ठरले. ‘दृष्टान्तात दिसले’ असे ऐकत वाढलेल्या माणसाला तीच वाक्ये दुसऱ्याच्या जुन्या पुस्तकात सापडली, की तो त्या एका पानापुरता शंका घेऊन थांबत नाही.

डेस्मंड फोर्ड यांचे उदाहरण तुमच्या भावाला ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियातील या ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका व्याख्यानात हीच शिकवण शास्त्राधारे सिद्ध होत नाही असे सांगितले. मंडळीने त्यांना आपले म्हणणे लिहून काढण्यासाठी वेळ दिला, त्यांनी जवळजवळ हजार पानांचे हस्तलिखित तयार केले, आणि ऑगस्ट १९८० मध्ये कोलोरॅडोतील ग्लेशियर व्ह्यू येथे शंभरहून अधिक विद्वान व अधिकारी त्यावर विचार करायला जमले. शेवटी त्यांची पाळकीय सनद काढून घेण्यात आली. पुढील काही वर्षांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, अनेक पाळक सेवेतून बाहेर पडले. ज्या प्रश्नाला चर्चेत उत्तर मिळायचे त्याला प्रशासकीय निर्णयाने उत्तर मिळाले, असे त्यांच्यापैकी पुष्कळांना वाटले, आणि त्यांचे वाटणे मला चुकीचे म्हणवत नाही.

सृष्टीच्या वयाचा प्रश्न घेऊन बाहेर पडणारेही आहेत. सहा दिवसांची आणि अलीकडची निर्मिती २०१५ च्या सुधारित विश्वासवचनात अधिक स्पष्ट शब्दांत आल्यावर विज्ञान शिकलेल्या काहींना जागा अपुरी वाटू लागली. पण तुमच्या भावाच्या बोलण्यात तो धागा दिसत नाही.

त्याचा विश्वास गेला का, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून घेण्यापेक्षा त्याच्याकडूनच घ्या. ‘परत कधी येतोस?’ हे विचारू नका. ‘तू इब्री पत्राचा नववा अध्याय कसा वाचतोस?’ हे विचारा आणि तो बोलत असताना मध्ये तक्ता काढू नका. वडिलांनाही बसवता आले तर उत्तम. कंटाळलेला माणूस प्रार्थना चालू ठेवून इतका त्रास सहसा पत्करत नाही.

प्रश्न : मंडळी सोडणारे शब्बाथही सोडतात का? आणि नंतर ते मंडळीचे शत्रू होतात का?
– एक वाचक

उत्तर : दोन्हींना एकच उत्तर नाही. कलस्सैकरांस पत्रातील दुसऱ्या अध्यायाच्या आधारे शब्बाथ ही ख्रिस्तात पूर्ण झालेली छाया होती, असे मानून अनेक जण तो सोडतात. फोर्ड यांनी मात्र सनद गेल्यावरही शेवटपर्यंत शब्बाथ पाळला. डी. एम. कॅनराइट हे नामवंत उपदेशक १८८७ मध्ये मंडळी सोडून बाप्टिस्ट झाले आणि तिच्या शिकवणीविरुद्ध त्यांनी इतके कडक लिहिले की ते लेखन अजूनही वाचले जाते. तरी १९१५ मध्ये बॅटल क्रीक येथे एलन व्हाईट यांचा अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीपाशी शेवटचे दर्शन घेणाऱ्यांत कॅनराइटही होते.