मराठी नोंदींमध्ये एकाच माणसाची अनेक नावं असतील तर लिंक कशा सांभाळाव्यात?

एका माणसाची दोन-तीन नावं असली की ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या ॲपमधल्या लिंक विस्कटतात, एलियस (म्हणजे नोंदीला दिलेलं पर्यायी नाव) नीट कसं वापरायचं, असं तुम्ही विचारलंय. मी बडोद्याचा, नोंदीही बडोदे संस्थानाच्या, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

१८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि कवळाणे गावच्या गोपाळरावांचे सयाजीराव झाले. ही दोन्ही नावं एकाच नोंदीची, हे सोपं. पण गायकवाडांत सयाजीराव तीन झाले! म्हणून नोंदीचं मूळ नाव 'सयाजीराव तिसरे' असं निःसंदिग्ध ठेवा आणि 'गोपाळराव' हे तिचं एलियस करा. नुसत्या 'सयाजीराव' नावाची वेगळी छोटी नोंद करून तिच्यात तिघांच्या लिंक द्या. ग्रंथालयाच्या कार्डांवर 'अमुक पाहा' लिहितात, तसं.

चौकटी कंस उघडून यादीतून 'गोपाळराव' निवडलं तर [[सयाजीराव तिसरे|गोपाळराव]] असं उमटतं. यादी टाळून हाताने [[गोपाळराव]] लिहिलं तर ते मूळ नोंदीला जोडलं जात नाही, क्लिक केल्यावर कोरी नोंद तयार होते. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही चालाव्यात म्हणून तसं ठेवलंय, ते मला पटतं. तरी कोरी नोंद करण्याआधी 'हे अमुक नोंदीचं एलियस आहे, तिथे जोडू का?' एवढं विचारायलाच हवं.

मराठीत खरा त्रास विभक्तीचा. नोंद 'बडोदा', वाक्यात मात्र बडोद्यात, बडोद्याहून, बडोद्याचा. सगळी रूपं एलियसमध्ये भरत बसू नका. सध्या [[बडोदा|बडोद्यात]] असं लिहिणंच बरं. सॉफ्टवेअरने 'बडोद्या' हे सामान्यरूप एकदा विचारून घ्यावं आणि पुढचे प्रत्यय स्वतः ओळखावेत. मराठीत लिहिणाऱ्याला याहून उपयोगी सुधारणा मला दुसरी दिसत नाही.

शिवाय लिपीचा एक पेच आहे. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. त्यांच्या नावातला 'ॲ' कुठे एकच अक्षर म्हणून टाइप होतो, तर कुठे 'अ' आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं मिळून. दिसतात सारखे, पण संगणकाला ते वेगळे, आणि युनिकोडचं (संगणकावरच्या अक्षरांच्या मानकाचं) प्रमाणित नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची रीत, हीसुद्धा त्यांना एक करत नाही. समोर दिसणारं नाव शोधात सापडत नसेल तर आधी हे तपासा, आणि अशा नावांची दोन्ही रूपं एलियसमध्ये टाका.