नवीन शब्द शिकवताय? आधी एवढंच करा

ताई, वर्गात नवीन शब्द शिकवायला सुरुवात छान केलीय, फक्त रोज दहा शब्दांची यादी फळ्यावर टाकू नका, दोन-तीन बास झाले. आणि गट पाडताना इयत्ता बघू नका, पोरगं वाचतं किती ते बघा, पाचवीतलंही कधी कधी जोडाक्षराला अडतं.

एकच शब्द घ्या, समजा ‘ओलावा’, आणि तीन वाक्यं करा:

- नुकतं वाचायला लागलेल्याला: पाऊस पडला. मातीत ओलावा आला.
- थोडं सरावलेल्याला: केळीच्या बुडाशी पाला टाकला की उन्हातही ओलावा टिकतो.
- भराभर वाचणाऱ्याला: कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीत भाव कापतात, १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत.

तिसरं वाक्य आपल्या खानदेशातल्या पोरांना बरोबर कळतं, घरात दिवाळीनंतर कापूस विकायचाच विषय असतो ना.

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे ‘मला ओलावा दिसला’ असलं वाक्य देतात, यातून अर्थ काय डोंबल कळणार? वाक्यातच अर्थाचा धागा पाहिजे. दुसरं, एका वाक्यात दोन अनोळखी शब्द कोंबतात, मग पोरगं दोन्ही सोडून देतं.

मग पोरांना स्वतःचं वाक्य करायला सांगा, आणि कुणी घरच्या बोलीत, अहिराणीत बोललं तर प्लीज टोकू नका, शब्द बरोबर जागी बसलाय ना एवढंच बघा, प्रमाण मराठीत नंतर लिहून घेता येतं. समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार वगैरे दिवाळीपर्यंत बाजूलाच ठेवा.