गुंडाळायचं की जोडायचं? नॅनोट्यूब आणि पॉलिमर : वाचकांची प्रश्नोत्तरं

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, आणि पॉलिमर म्हणजे लांब साखळीसारखे रेणू. या नळ्यांच्या पृष्ठभागावर पॉलिमर चढवण्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. काही अगदी सुरुवातीचे, काही थेट प्रयोगाच्या टेबलावरून आलेले. एकाच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर पुढे सरकतं, असे सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : नॅनोट्यूब पोलादाहून बळकट असतात आणि उत्तम वीज वाहतात, असं सगळीकडे वाचते. मग ती पावडर सरळ प्लास्टिकमध्ये मिसळली तर काय बिघडतं? मध्ये हा पॉलिमरचा थर कशासाठी? (एमएस्सीची विद्यार्थिनी)

बाटलीतल्या त्या काळ्या पावडरीत सुट्या नळ्या नसतातच, अडचण तिथून सुरू होते. एकपदरी, म्हणजे एकाच भिंतीच्या, नळीचा व्यास एक नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि लांबी त्याच्या हजारपट किंवा त्याहूनही जास्त. शेजारी आलेल्या दोन नळ्या वॅन डर वाल्स आकर्षणाने चिकटतात. हे आकर्षण लांबीच्या दर नॅनोमीटरला साधारण ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) भरतं. आकडा किरकोळ वाटेल, पण एक मायक्रोमीटरभर दोन नळ्या लागून राहिल्या की बेरीज ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या हालचालीतून मिळणारी ऊर्जा मात्र ०.०२५ च्या घरातली. एकदा चिकटलेल्या नळ्या आपोआप सुटतील ही आशा सोडून द्या.

अशा डझनावारी नळ्यांच्या जुड्या बनतात. जुडीच्या आतल्या नळीला भोवतालच्या प्लास्टिकचा स्पर्शही होत नाही. ताण आला की नळ्या एकमेकींवरून घसरतात आणि जिथे गुठळी असेल तिथूनच तुकडा तडकतो. बळकटीसाठी घातलेली वस्तूच कच्चा दुवा ठरते. पृष्ठभागावरचा पॉलिमर नळ्यांना एकमेकींपासून लांब ठेवतो आणि भोवतालच्या द्रावकाशी किंवा प्लास्टिकशी त्यांचं जमवून देतो.

प्रश्न : पॉलिमर नळीभोवती नुसता गुंडाळावा की रासायनिक बंधाने जोडावा? आमच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. (पीएचडीचा विद्यार्थी)

नळीकडून कोणतं काम करून घ्यायचं आहे, हे दोन्ही तटांनी आधी ठरवावं. ते ठरलं की बराचसा वाद उरत नाही.

नळीची भिंत म्हणजे षटकोनी जाळीत बसलेले कार्बन अणू. प्रत्येकाचे तीन शेजारी, आणि उरलेला इलेक्ट्रॉन सगळ्या जाळीचा सामाईक. वीज वाहते ती या सामाईक इलेक्ट्रॉनांमुळे. भिंतीवरच्या एखाद्या अणूला सहसंयुज बंधाने (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या रासायनिक बंधाने) काहीही जोडलं, की तो अणू या व्यवस्थेतून बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत तिथे अडथळा तयार होतो. एकपदरी नळ्यांच्या भिंतीवर असे बंध वाढत गेले, की शोषण वर्णपटातली (कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो, त्या आलेखातली) टोकदार शिखरं हळूहळू सपाट होतात. हा बदल डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. जोडणीच्या प्रत्येक टप्प्यावर थोडं द्रावण काढून वर्णपट घ्या आणि एकाखाली एक मांडा.

गुंडाळण्यात ही हानी होत नाही. रिचर्ड स्मॉली यांच्या राइस विद्यापीठातल्या गटाने २००१ साली पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन आणि पॉलिस्टायरीन सल्फोनेट वापरून एकपदरी नळ्या पाण्यात उतरवल्या. वेल खांबाला वेढत जावी तशी पॉलिमरची साखळी नळीला वेढते, आणि द्रावक बदलला की सुटूनही येते. साखळीच्या टोकाला पायरीन बसवण्याचाही मार्ग आहे. पायरीनमधली एकमेकांना जोडलेली चार बेंझीन वलयं नळीच्या भिंतीवर सपाट बसतात.

पण गुंडाळलेला थर ताण पेलायला कमकुवत असतो. इपॉक्सी राळेत बळकटी हवी असेल तर मी बंधाच्या बाजूने आहे. पृष्ठभागावर अमाइन गट असले की ते इपॉक्सी घट्ट होताना त्या विक्रियेत सामील होतात, आणि ताण राळेतून थेट नळीत उतरतो. अशा वेळी बहुपदरी, म्हणजे एकात एक अनेक भिंती असलेल्या, नळ्या घ्या. बाहेरची भिंत जोडणीसाठी खर्ची पडली तरी आतल्या भिंती शाबूत राहतात.

वीज वाहणारी फिल्म हवी असेल तर गुंडाळा, पण पातळ. दोन नळ्यांच्या सांध्यात जाड पॉलिमर बसला तर इलेक्ट्रॉनला तो ओलांडता येत नाही, मग नळी आतून कितीही निर्दोष असो.

एक सवय मात्र मोडायलाच हवी : पुढचं काही ठरायच्या आधीच नळ्या सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात तापवून घेण्याची. त्यातून कार्बॉक्सिल गट मिळतात हे खरं, पण नळ्या तुटून आखूडही होतात. कॉम्पोझिटमध्ये, म्हणजे नळ्या मिसळलेल्या प्लास्टिकमध्ये, लांबी हेच तर नळीचं भांडवल असतं.

प्रश्न : पॉलिस्टायरीन सल्फोनेट घालून सॉनिकेट केलं (श्राव्यातीत ध्वनिलहरींनी घुसळलं) की छान काळं द्रावण मिळतं, पण दोन दिवसांत तळाशी गाळ बसतो. पॉलिमर वाढवला तर आणखी लवकर बसतो. असं का? (संशोधन सहायक)

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. द्रावणात मोकळा पॉलिमर फार झाला की दोन नळ्यांमधल्या अरुंद फटीत त्याची वेटोळी मावत नाहीत. फटीबाहेर वेटोळ्यांची गर्दी आणि आत रिकामं, या फरकामुळे बाहेरचा दाब नळ्यांना एकमेकींकडे ढकलतो. म्हणजे ज्याने त्यांना वेगळं ठेवायचं, तोच त्यांना एकत्र आणतो. पॉलिमर वाढवण्याऐवजी कमी करत जा आणि कोणत्या प्रमाणाला द्रावण सर्वांत जास्त टिकतं ते पाहा.

दुसरी शंका मिठाची. हा पॉलिमर ऋण प्रभाराच्या जोरावर नळ्या लांब ठेवतो. पाण्यात क्षार असले किंवा बफर घातला असेल, तर तो प्रभार झाकला जातो. प्रयोग आधी शुद्ध, आयनविरहित पाण्यात करून बघा.

तिसरी गोष्ट सॉनिकेशनची. काळं दिसतं म्हणजे नळ्या सुट्या झाल्या, असं नाही. जुड्याही तितक्याच काळ्या दिसतात. काचेची कुपी उजेडासमोर तिरकी करा आणि काचेवरून ओघळणारा पातळ पदर पाहा. त्यात ठिपके किंवा रेषा दिसल्या तर जुड्या अजून शिल्लक आहेत. हे झालं ढोबळ परीक्षण. खरी चाचणी सेंट्रिफ्यूजची, म्हणजे वेगाने फिरवून जड भाग तळाशी बसवणाऱ्या यंत्राची : जुड्या तळाशी जातात, वरचं द्रव हलक्या हाताने काढून घ्यायचं. तुम्ही हा टप्पा गाळत असाल, तर दोन दिवसांनी दिसणारा गाळ म्हणजे पहिल्या दिवशीच न सुटलेल्या जुड्या असण्याची शक्यता मोठी आहे.

सॉनिकेटरचं टोक थेट द्रावणात बुडवत असाल तर भांडं बर्फात ठेवा आणि थांबत थांबत चालवा. वेळ वाढवून प्रश्न सुटत नाही, नळ्या तुटत जातात. टोकाच्या धातूचे बारीक कणही झिजून द्रावणात उतरतात, तेही सेंट्रिफ्यूजमध्येच निघतात.

प्रश्न : पॉलिस्टायरीन नळीला खरंच जोडला गेलाय की नुसता चिकटलाय, हे सिद्ध कसं करायचं? परीक्षकांनी हाच आक्षेप घेतलाय. (पीएचडीची विद्यार्थिनी)

आक्षेप रास्त आहे. आधी धुणं : पॉलिमर ज्यात चटकन विरघळतो अशा द्रावकात, इथे टेट्राहायड्रोफ्युरान किंवा टोल्यूईनमध्ये, नमुना पुन्हा पुन्हा हलवून ०.२ मायक्रोमीटरच्या टेफ्लॉन पडद्यातून गाळा. गाळलेल्या द्रवात पॉलिमर दिसायचा बंद होईपर्यंत हे चालू ठेवायचं.

मग रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा आलेख. १५९० सेंमी⁻¹ जवळचं जी शिखर सुबक जाळीचं, १३५० जवळचं डी शिखर जाळीतल्या दोषांचं. भिंतीवर बंध तयार झाले तर डीचा जीशी असलेला वाटा वाढतो, नुसत्या गुंडाळण्याने तो वाढत नाही. पण तुलना मूळ नळ्यांशी करून भागणार नाही. नळ्या आधी आम्लात तापवल्या असतील तर त्याने तो वाटा आधीच वाढवलेला असतो. पॉलिमर चढवण्याच्या लगेच आधीच्या टप्प्याशी तुलना करा.

प्रमाण किती, हे नायट्रोजनमध्ये नमुना तापवून वजनातली घट मोजल्यावर कळतं. पॉलिस्टायरीन ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होतो, नळ्या टिकतात. समजा ३० टक्के वजन गेलं आणि साखळीचा रेणुभार १०,००० आहे. मग दर ग्रॅम नळीवर ०.४३ ग्रॅम पॉलिमर, म्हणजे सुमारे १,९५० कार्बन अणूंमागे एक साखळी. हे गणित प्रबंधात जरूर द्या, कारण टक्केवारीवरून विरळ लांब साखळ्या आणि दाट आखूड साखळ्या यांतला फरक कळत नाही. तयार साखळ्या आणून जोडल्या तर त्या सहसा विरळच बसतात. आधी बसलेल्या साखळ्या पुढच्यांची वाट अडवतात. दाट थर हवा तर आरंभक रेणू नळीवर बसवून साखळी तिथूनच वाढवायची.

शेवटी, ज्यावर आक्षेप मिटतो तो नियंत्रण प्रयोग : तोच पॉलिमर, त्याच नळ्या, पण जोडणारा रासायनिक गट नाही. धुतल्यावर यात वजनाची घट जवळपास उरली नाही, तर तुमचा दावा उभा राहतो.

प्रश्न : पॉलिमर चढवला की नॅनोट्यूब हाताळायला सुरक्षित होतात का?

नाही, असं गृहीत धरू नका. लांब, ताठ बहुपदरी नळ्या उंदरांच्या पोटातल्या आवरणात ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, हे २००८ साली दिसलं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ च्या मूल्यमापनात एमडब्ल्यूसीएनटी-७ या बहुपदरी प्रकाराला ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ असलेल्या २बी गटात ठेवलं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखा थर शरीरातला वावर बदलतो, पण लांबी आणि ताठपणा तसाच राहतो. धोका सर्वांत जास्त कोरड्या पावडरीचा. वजन करणं, ओतणं, भांडी खरवडणं हे सगळं बंदिस्त कपाटात करा आणि शक्य तितक्या लवकर नळ्या द्रावकात ओल्या करा.

प्रश्न : काही पॉलिमर फक्त अर्धवाहक नळ्या निवडून घेतात, असं वाचलं. साखळीला नळीची जात कळते कशी? (इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक)

या क्षेत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. एकपदरी नळ्या बनवल्या की ढोबळमानाने एक तृतीयांश धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक निघतात. ट्रान्झिस्टरला धातूसारख्या नळ्यांची भेसळ चालत नाही. २००७ साली असं दाखवलं गेलं, की पॉलिफ्लुओरीन टोल्यूईनमध्ये घालून सॉनिकेट केलं, की द्रावणात जवळजवळ फक्त अर्धवाहक नळ्या तरंगत राहतात. धातूसारख्या नळ्या जुड्यांतच राहतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी जातात.

साखळीचा ताठ कणा नळीच्या भिंतीला समांतर बसतो आणि बाजूच्या लवचीक शेपट्या द्रावकात पसरतात. कोणत्या व्यासावर आणि अणूंच्या कोणत्या तिरकस मांडणीवर हा कणा नीट बसेल, हे त्याच्या रचनेवर अवलंबून असतं. कणा बदलला की निवड बदलते : साधा पॉलिफ्लुओरीन टोल्यूईनमध्ये (७,५) प्रकाराकडे (ही आकड्यांची जोडी नळीचा व्यास आणि मांडणी सांगते) झुकतो, तर त्यात बायपिरिडीन गुंफलं की (६,५) प्रकार मिळतो. धातूसारख्या नळ्या का नाकारल्या जातात, याचं एक पटण्याजोगं स्पष्टीकरण असं : त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सहज सरकतात, त्यामुळे वेढलेल्या अवस्थेतही त्या एकमेकींकडे जास्त जोराने ओढल्या जातात, आणि टोल्यूईनसारख्या अध्रुवीय द्रावकात हे ओढणं झाकायला काही नसतं.

काम झाल्यावर हा पॉलिमर काढणं सोपं नाही. नळी आणि धातूच्या विद्युतअग्राच्या मध्ये तो उरला तर संपर्क बिघडतो. गरम टोल्यूईनने धुतल्यावर मोकळा पॉलिमर जातो, चिकटलेला सगळा जात नाही. म्हणून आता कण्यातच इमाइन बंध असलेले पॉलिमर बनवले जातात. निवड झाली की थोडं आम्ल घालायचं, कणा तुकड्या-तुकड्यांत तुटतो आणि ते लहान तुकडे धुऊन निघतात. तुमच्याकडे ट्रान्झिस्टर बनवायची सोय असेल, तर साध्या पॉलिफ्लुओरीनऐवजी थेट अशा तुटणाऱ्या पॉलिमरपासूनच सुरुवात करा.