वाचकांचे प्रश्न : चित्रपट्ट्यांवरून बेतलेल्या रेडिओमालिका

इंद्रजाल कॉमिक्समधल्या फ्लॅश गॉर्डनवर अमेरिकेत रेडिओमालिका होती असं ऐकलं. ती आज मिळते का? (सांगली)

मिळते, आणि सगळीच्या सगळी. ॲलेक्स रेमंडची वर्तमानपत्रातली चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) ७ जानेवारी १९३४ला सुरू झाली, रेडिओवर फ्लॅश आला एप्रिल १९३५मध्ये. आठवड्याला पंधरा मिनिटांचा एक भाग, एकूण २६ भाग. फ्लॅशचा आवाज गेल गॉर्डनचा. मालिका तबकड्यांवर ध्वनिमुद्रित झाली होती म्हणून टिकली. कथानक रविवारच्या रंगीत पानाला धरून चालतं, त्यामुळे पान समोर ठेवून ऐकायला मजा येते. शेवटच्या दोन भागांत मात्र ताळमेळ सुटतो: मंडळी पृथ्वीवर परततात, मलायात आदळतात आणि रेमंडच्याच दुसऱ्या चित्रपट्टीच्या नायकाला, जंगल जिमला, भेटतात. पुढच्या आठवड्यापासून त्याच वेळेला जंगल जिमची मालिका लागायची होती! जाहिरातच, पण झकास जमवलेली.

‘लिटल ऑर्फन ॲनी’ या रेडिओमालिकेतल्या ॲनीची नटी कुठे शर्ली बेल लिहिली आहे, कुठे फ्लॉय ह्यूज. बरोबर कोण? (पुणे)

दोघीही. १९३१मध्ये मालिका देशभर गेली तेव्हा एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रोजच्या प्रसारणाची सोय नव्हती. म्हणून शिकागोत बेल आणि सॅन फ्रान्सिस्कोत ह्यूज, संहिता एकच. १९३३पासून शिकागोचाच संच राहिला. भाग थेट प्रसारित होत, त्यामुळे आज हाताशी आहेत ते मोजकेच.

उतरवून घेतलेल्या एमपीथ्रीत नायकाचा आवाज चिरका येतो. दुरुस्त कसा करायचा? (ठाणे)

तबकडीवरून टेपवर, टेपवरून टेपवर असा प्रवास होताना वेग कुठेतरी सरकलेला असतो. कानाने अंदाज करू नका. पार्श्वभूमीला विजेची जी बारीक घूं असते, ती मोजा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १०–२० सेकंदांचा, नुसतं बोलणं असलेला तुकडा निवडा (ऑर्गन वाजत असेल तर खर्जातले सूर घोटाळा करतात). मग ‘ॲनालाइज’मध्ये ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ (कोणत्या हर्ट्झचा आवाज किती, याचा आलेख) उघडून साइज ६५५३६ ठेवा. लहान साइजला ६० आणि ६३ यांतला फरकच दिसत नाही. शिखर ६३वर आलं तर वेग पाच टक्के जास्त आहे: ६० भागिले ६३, म्हणजे ०.९५२. तेवढा गुणक ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये भरा. ‘चेंज टेम्पो’ वापरू नका, त्याने बोलणं संथ होतं पण आवाज चिरकाच राहतो.

दोन शिखरं दिसली, एक नेमकं ६०वर आणि दुसरं ६३वर, तर ६०चं नंतरच्या कॉपीतून घुसलेलं असतं. हिशोब ६३चा करा. नेमकं ५०वर दिसलं तर ती कॉपी आपल्याकडची किंवा युरोपातली, ते सोडून द्या. ६०च्या आसपास काहीच स्पष्ट नसेल तर १२०च्या जवळ शोधा आणि आकडा निम्मा करा.

काम झाल्यावर फाइल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात) ठेवा. पुन्हा एमपीथ्री केली की ‘स’, ‘श’ पाण्यात बुडाल्यासारखे येतात. खरखर काढायचा मोह होतो, पण फिल्टर जास्त लागला तर आधी पावलांचे आणि दारांचे आवाज जातात, आणि अशा मालिकेत अर्धी गोष्ट त्यांच्यावरच चालते.