गोव्यातल्या घराबद्दल प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. ऐकावं कुणाचं?

तुम्ही लिहिलंय की वडील वारले, फोंड्याजवळच्या घरात तुम्ही आणि आई राहता, बहीण लग्न होऊन म्हापशाला असते, आणि वडिलांनी सगळं घर मृत्युपत्राने तुमच्या नावे केलंय. कोल्हापूरचे मामा म्हणतात, घर तुझंच. शेजारचे काका म्हणतात, बहिणीकडून हक्कसोड घे. दलाल म्हणतो, विकायचं ठरव, कागद मी बघतो.

मामा तुमच्या भल्याचंच सांगताहेत, पण तो अनुभव महाराष्ट्रातला. गोव्यात वारसाहक्क 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. तो भाग आता गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्यात आहे आणि हा कायदा 2016 च्या डिसेंबरपासून लागू झाला. म्हणून सल्ला देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: 'हे गोव्यातलं सांगताय का?'

हिशेब आण्यांत मांडून बघा. आईवडिलांनी लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर घर दोघांचं मिळून. 16 आण्यांतले 8 आईचे, तेही वारसा म्हणून नव्हे, तर मुळातच तिचे. वडिलांच्या 8 आण्यांपैकी मृत्युपत्राने जास्तीत जास्त 4 देता येतात, उरलेले 4 मुलांचे, मुलगा-मुलगी समान. म्हणजे तुम्हाला 4 आणि 2 मिळून 6, बहिणीला 2. आणि हे सगळं घर खरोखर वडिलांचं असेल तर. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, अजून आजोबांचं नाव असेल, तर हिशेब आजोबांपासून सुरू होतो आणि काका-आत्याही त्यात येतात.

शेजारच्या काकांचं अर्धं बरोबर आहे. पण नुसत्या बहिणीच्या सहीने भागत नाही, लग्नामुळे तिच्या वाट्यात भावोजीही आले, त्यांचीही सही लागते. बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं, कारण भावोजींना कुणी वेळेवर विचारलेलंच नसतं. काकांना वाटणीबद्दल विचारू नका. कुंपण मूळ कुठे होतं, विहिरीचं पाणी कोण कोण नेत होतं, मागच्या खोपीत कोण राहायचं, हे विचारा. हे त्यांच्याइतकं वकिलाला कळायचं नाही. त्या खोपीत मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, निघाला तर 1975 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. उताऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना त्यासाठी नीट वाचा.

दलालाकडून भाव समजून घ्या, तेवढंच. विक्री झाली तरच त्याला पैसे मिळतात, त्यामुळे 'विकू का?' हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही.

वकिलाकडे रिकाम्या हातांनी जाऊ नका. एका पानावर आजोबांपासूनची वंशावळ काढा, प्रत्येकापुढे नवरा-बायकोचं नाव, लग्नाचं साल, मृत्यूची तारीख. चवथीला सगळे घरी जमतात, तेव्हा ही माहिती तासाभरात गोळा होते. पण त्याच दिवशी सह्यांचा विषय काढू नका. गणपतीच्या माटोळीखाली चारचौघांत विचारलं की माणूस एकतर भिडेखातर हो म्हणतो नाहीतर दुखावून जातो, आणि भिडेचा होकार महिन्याभरात फिरतो. वंशावळीबरोबर उतारा, मृत्युपत्र, लग्नांचे दाखले आणि पोर्तुगीज काळातले कागद न्या, वाचता येत नसले तरी.

'काय करू?' असं विचारलंत तर उत्तरही मोघम मिळेल. तीनच गोष्टी विचारा: कुणाकुणाच्या सह्या लागतील, कुठला कागद कमी आहे, एकाने नकार दिला तर इन्व्हेंटरी दावा, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा कोर्टातला दावा, कसा चालेल. हेच प्रश्न दुसऱ्या वकिलाला जसेच्या तसे विचारा आणि पहिल्याचं उत्तर आधी सांगू नका, नाहीतर तो त्यावरच बोलेल. अडचणीची बाजूही झाकू नका. घराच्या डागडुजीला बहिणीने पैसे दिले असतील तर ते सांगा. अर्धी हकिगत ऐकून दिलेला सल्ला पुढे कोर्टात कोसळतो.

आईला मात्र तुमच्या वकिलाच्या भरवशावर ठेवू नका. तिचे 8 आणे सगळ्यांत मोठे, आणि तिचं हित प्रत्येक वेळी तुमचंच असेल असं नाही. 1987 च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. 15100 वर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. बहिणीलाही हा रस्ता मोकळा आहे, तो तिला तुम्हीच सांगा.