केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये इतक्या झटपट कसं आलं, आणि झेनला वर्षं का लागली?

केव्हीएम आणि झेन ही दोन्ही एकाच संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालवणारी सॉफ्टवेअरं, आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. कर्नलकडे जे आधीच होतं ते केव्हीएमने पुन्हा लिहिलं नाही, म्हणून ते झटपट स्वीकारलं गेलं. क्युमरानेट कंपनीच्या आवी किविटी यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये पहिले पॅच (कोडमधले बदल) पाठवले आणि फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० आवृत्तीत केव्हीएम आलंसुद्धा. प्रत्येक व्हर्च्युअल मशीन ही लिनक्सची साधी प्रोसेस आणि त्याचा प्रत्येक सीपीयू म्हणजे एक थ्रेड, ही कल्पना मला फार सुंदर वाटते: शेड्युलर, मेमरी व्यवस्थापन, ड्रायव्हर, सगळं कर्नलचंच वापरायचं. कर्नलचा कोड खुला आहे; त्यातला केव्हीएमचा भाग उघडून पाहिलात तर हे लगेच दिसेल. झेनचा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) मात्र लिनक्सच्या खाली वेगळा चालतो. त्यासाठी कर्नलमध्ये ठिकठिकाणी बदल लागले आणि यजमान बाजूचा, म्हणजे इतर मशीन सांभाळणाऱ्या लिनक्ससाठीचा, पुरेसा आधार मुख्य कर्नलमध्ये यायला २०११ ची ३.० आवृत्ती उजाडली.

एक लक्षात घ्या: केव्हीएमचा हा सुटसुटीतपणा इंटेल व्हीटी-एक्स आणि एएमडी-व्ही या प्रोसेसरमधल्या सोयींवर उभा आहे. झेन त्या सोयी नसतानाही चालत असे. शिवाय डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे आभासी उपकरणांसाठी केव्हीएमला सहसा क्यूईएमयू या उपकरणांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची जोड लागते.