‘इव्हँजेलिकल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्यांत ‘इव्हँजेलिकल मतदार’ हा उल्लेख सारखा येतो. मराठी वर्तमानपत्रांत कुणी त्याचे ‘कट्टर ख्रिस्ती’ करते, कुणी ‘धर्मप्रचारक’, कुणी शब्द तसाच ठेवते. यांतले बरोबर कोणते? आणि सरळ ‘धर्मांध’ लिहिले तर काय बिघडते?

‘कट्टर ख्रिस्ती’ चूक, ‘धर्मप्रचारक’ही चूक. शब्द तसाच ठेवला तर चूक होत नाही, पण वाचकाच्या पदरातही काही पडत नाही. माझे मत ‘सुवार्तावादी’ या शब्दाला आहे. का, ते सविस्तर सांगते, कारण मी टेक्सासमध्ये राहते आणि श्रद्धेचा हा शब्द रिपब्लिकन पक्षाने कसा गिळला ते रोज बघते. त्याचा मला संताप येतो, आणि निदान मराठीत तरी आपण त्या गिळण्याला हातभार लावू नये असे मनापासून वाटते.

आधी व्युत्पत्ती. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चांगली बातमी, शुभ निरोप. मराठी ख्रिस्ती समाजाने त्याला दोन सुरेख प्रतिशब्द फार पूर्वीच दिले आहेत, ‘सुवार्ता’ आणि ‘शुभवर्तमान’. लूकच्या शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहून यशयाचे वचन वाचतो, तेव्हा दीनांना सुवार्ता सांगण्यासाठी आपल्याला पाठवले आहे असे म्हणतो. शब्दाचा पहिला धागा गोरगरिबांशी जोडलेला आहे, हे ध्यानात असू द्या.

ही सुवार्ता गावोगाव सांगत फिरणारा तो ‘सुवार्तिक’. अमेरिकेतले प्रसिद्ध उपदेशक बिली ग्रॅहॅम हे सुवार्तिक. ‘धर्मप्रचारक’ हा शब्द त्यांना शोभेल. पण जॉर्जियातला ट्रक चालवणारा किंवा टेनेसीतली दातांची डॉक्टर काही प्रचारक नव्हेत, ते त्या पंथप्रवाहातले साधे श्रद्धावान आहेत. म्हणून त्यांना ‘सुवार्तावादी’.

प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांतल्या या प्रवाहाची ओळख कशी पटते? ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या, त्या आजही अभ्यासक वापरतात: बायबलला अंतिम प्रमाण मानणे, क्रुसावरच्या बलिदानाला श्रद्धेचा गाभा मानणे, माणसाने स्वतः अंतःकरणातून पालटले पाहिजे हा आग्रह, आणि त्या पालटाला साजेशी कृती. यांत तिसरी खूण महत्त्वाची. तिलाच इंग्रजीत ‘बॉर्न अगेन’ म्हणतात, आणि त्याचे भाषांतर चुकूनही ‘पुनर्जन्म’ करू नका. आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच चौऱ्यांशी लक्ष योनी उभ्या राहतात. नगरच्या कुठल्याही पाळकसाहेबांना विचारा, ते ‘नवा जन्म’ म्हणतील. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो तो हाच, याच देहात, याच आयुष्यात होणारा.

आता या चार खुणांत ‘कट्टर’ कुठे आहे? १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी आपला ‘नवा जन्म’ झाल्याचे उघड सांगितले आणि अध्यक्षपदाची निवडणूक जिंकली, तेव्हा अमेरिकेतल्या पुष्कळ शहरी वाचकांनी ही परिभाषा पहिल्यांदा ऐकली. कार्टर डेमोक्रॅट. नव्वदी ओलांडल्यावरही प्लेन्स गावातल्या छोट्या बॅप्टिस्ट (हा प्रोटेस्टंटांतला एक पंथ) चर्चमध्ये रविवारी बायबलचा वर्ग घेत. २००० मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट चर्चच्या, आपल्या जन्मभराच्या संघटनेपासून ते दूर झाले, कारण स्त्रियांनी पाळक होऊ नये, पत्नीने पतीच्या अधीन राहावे ही तिची भूमिका त्यांना पटेना. सुवार्तावादी? पक्के. कट्टर? मुळीच नाही.

याला आपल्याकडचाही दाखला आहे. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी याच प्रवाहातले. त्यांच्या मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्यात येऊन स्वतःची शाळा काढली. त्या बाईंचा धर्मांतराचा हेतू होताच, तो लपवायचे कारण नाही. पण मुलींना अक्षरओळख करून देणे हा त्यांच्या सुवार्तेचाच भाग होता.

मग हा शब्द उजव्या राजकारणाला चिकटला कसा? इथे थोडा रेंगाळते, कारण भाषांतर करणाऱ्याला हे ठाऊक नसले तर तो फसतो.

व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पाळक जेरी फॉलवेल यांनी मार्च १९६५ मध्ये, सेल्मा ते माँटगोमेरी ही कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काची पदयात्रा निघाली त्याच दिवशी, प्रवचनात सांगितले की धर्मोपदेशकाचे काम आत्मे तारण्याचे, राजकारणाचे नव्हे. रोख मार्टिन लूथर किंग यांच्यावर होता, तेही बॅप्टिस्ट पाळकच. दोन वर्षांनी फॉलवेल यांनी शाळा काढली, तिचे वर्णन गावातल्या वर्तमानपत्राने गोऱ्या विद्यार्थ्यांची खासगी शाळा असे केले. सरकारी शाळांत काळी-गोरी मुले एकत्र बसू लागली होती आणि दक्षिणेत अशा ‘ख्रिस्ती’ शाळांचे पेव फुटले होते. १९७८ मध्ये आयकर खात्याने अशा शाळांची करमाफी काढून घेण्याचे नियम पुढे आणले. त्या वर्षाच्या आसपास पाळक मंडळी खवळून उठली. १९७९ मध्ये याच फॉलवेल यांनी ‘मोरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापली.

आणि गर्भपात? तोच मूळ मुद्दा होता असे आज सांगतात. पण १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शननेच ठराव करून बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला कायद्याने वाव असावा असे म्हटले होते. तो मुद्दा आघाडीवर नंतर आणला गेला. ही संघटना १८४५ मध्ये जन्मली तीच मुळी गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही या वादातून. नेमावे म्हणणाऱ्यांची ती. त्याबद्दल तिने माफी मागितली १९९५ मध्ये. एकोणिसाव्या शतकातच उत्तरेत गुलामगिरीविरुद्ध गावोगाव सभा घेणारे कितीतरी लोक सुवार्तावादीच होते. म्हणजे श्रद्धा एक, बाजू दोन. मला हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते, कारण आज टीव्हीवर या शब्दाची एकच बाजू दिसते आणि दुसऱ्या बाजूची माणसे स्वतःला त्या नावाने ओळखायला संकोचतात.

आता बातमीतले नेहमीचे वाक्य घेऊ. ट्रम्प यांना २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये सुवार्तावाद्यांनी भरभरून मते दिली, असे आपण छापतो. मूळ इंग्रजी बातमीत ‘गोऱ्या’ हे विशेषण असते. मतदानोत्तर चाचण्यांत दर पाचांतले सुमारे चार जण त्यांच्या बाजूचे निघाले ते गोऱ्या सुवार्तावाद्यांतले. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांतही बायबल, क्रूस, नवा जन्म सगळे तितक्याच उत्कटतेने मानणारे खूप आहेत, आणि ते मोठ्या बहुमताने डेमोक्रॅटांना मत देतात. जागा वाचवायला ते विशेषण गाळले की वाक्य खोटे होते. गाळू नका.

राजकारणाविषयीच लिहायचे असेल तर राजकारणाचा शब्द वापरा. ‘ख्रिस्ती उजवे’ हा गटाला, ‘ख्रिस्ती राष्ट्रवाद’ हा विचाराला. अमेरिका ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांसाठी घडवली, म्हणून कायदा आणि शाळा ख्रिस्ती असाव्यात, हा तो विचार. तो मानणारे सगळे नियमाने चर्चला जातात असेही नाही.

याच ओघात ‘धर्मस्वातंत्र्य’ या शब्दाविषयी बोलायला हवे, कारण मराठी बातम्यांत तो डोळे मिटून वापरला जातो. ऑक्टोबर १८०१ मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी अध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहिले. तिथे दुसऱ्या पंथाचे चर्च सरकारमान्य होते आणि त्याच्या करातून सुटायला बॅप्टिस्टांना दाखला आणावा लागे. आम्हाला श्रद्धेची मोकळीक मेहेरबानी म्हणून मिळते, हक्क म्हणून नाही, अशी त्यांची तक्रार होती. १ जानेवारी १८०२ च्या उत्तरात जेफरसन यांनी चर्च आणि शासन यांच्यामधल्या भिंतीचा तो प्रसिद्ध उल्लेख केला. भिंत मागणारे बॅप्टिस्ट होते. आज ती पाडायला निघालेल्यांत बॅप्टिस्ट पुढे आहेत, आणि त्यांच्याही तोंडी शब्द ‘धर्मस्वातंत्र्य’ हाच.

म्हणून प्रसंग पाहून शब्द ठेवा. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हॉबी लॉबी या कंपनीला मालकांच्या श्रद्धेखातर, कर्मचाऱ्यांच्या विम्यातून काही संततिनियमन साधने वगळण्याची मुभा दिली. ते ‘धर्मस्वातंत्र्याचा विजय’ म्हणून छापण्यापेक्षा ‘धार्मिक कारणावरून कायद्यातून सूट’ असे लिहिले तर वाचकाला नेमके काय झाले ते कळते.

टेक्सासमध्ये २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा फलक लावायचा आहे. किमान १६ इंच रुंद, २० इंच उंच. मजकूरही कायद्यातच ठरवलेला. बायबलमध्ये या आज्ञांच्या आरंभी, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले, असे वाक्य आहे. यहुदी परंपरेत तेच पहिले वचन. कायद्यातल्या मजकुरात ते नाही. गुलामगिरीतून सुटकेची आठवण गाळली, आणि माझ्याशिवाय दुसरे देव नसावेत, कोरीव मूर्ती करू नयेत, हे ठेवले. आमच्या घरी देव्हाऱ्यात गणपती आहे. सातवीतल्या माझ्या मुलीने गणिताच्या तासाला हे का वाचावे, याचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही. या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत ख्रिस्ती पालक आहेत, पाळक आहेत, हे मात्र आवर्जून नोंदवते. या कायद्याला मराठीत ‘धर्मस्वातंत्र्य’ म्हणता येणार नाही. ती शासनाची धर्मसक्ती आहे.

राहिला ‘धर्मांध’. प्रश्न विचारणाऱ्याचा वैताग मला समजतो, तो माझाही आहे. तरी हा शब्द इथे नको. ‘मूलतत्त्ववादी’ला निदान इतिहास आहे: ज्या ‘फंडामेंटलिस्ट’ या इंग्रजी शब्दावरून तो आला तो १९२० मध्ये अमेरिकेतल्या एका बॅप्टिस्ट संपादकाने आपल्याच लोकांसाठी अभिमानाने घडवला होता, त्यामुळे त्या परंपरेतल्या मंडळींना तो लावायला हरकत नाही. ‘धर्मांध’ ही शिवी आहे, आणि ती चुकीच्या जागी लागते. अंध म्हटले की आंधळी भक्ती डोळ्यांपुढे येते. करमाफी वाचवायला उठलेली मंडळी आंधळी नव्हती, आपण काय करतो आहोत ते त्यांना नीट दिसत होते. १ जून २०२० ला वॉशिंग्टनमध्ये पोलिसांनी निदर्शकांना हुसकावले, मग ट्रम्प चालत सेंट जॉन्स चर्चपुढे गेले, हातात बायबल उंच धरले, ते न उघडता छायाचित्रे काढून घेतली आणि परतले. तिथल्या बिशप मॅरिअन बडी यांनी त्याच संध्याकाळी जाहीर निषेध केला. ही बातमी लिहिताना ‘धर्मांध’ हे विशेषण कुणाला लावाल? कुणालाच लागू होत नाही. घडले ते क्रमाने लिहा, विशेषणाची गरज पडत नाही.